भावोजींनी जाळलेला शेवट

भावोजी गेल्याची बातमी आली तेव्हा मी सातवीच्या मुलींचा भूमितीचा तास घेत होते. नंदाखालच्या घराशेजारचा इनास सायकल मारत वसईपर्यंत आला, वर्गाच्या दारात उभा राहिला आणि नुसतं म्हणाला, "बाई, माईंनी बोलावलंय." तो घाम पुसत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. मी हातातला खडू ठेवला. टांग्यात बसल्यावर रस्ताभर मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते, कारण आदल्याच रविवारी त्यांनी नव्या कादंबरीची पहिली प्रकरणं दिवाळीच्या सुट्टीत माझ्या हातात द्यायचं कबूल केलं होतं, आणि कबूल केलेलं मोडायची त्या माणसाला सवय नव्हती. सकाळी ते केळीला पाणी फिरवायला म्हणून वाडीत गेले, दम लागला म्हणून बांधावर टेकले, ते तिथेच… मी घरी पोचले तेव्हा माई त्यांच्या उशाशी बसली होती आणि त्यांच्या पायाचा चिखल अजून ओला होता.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, माईचे यजमान. वाचक त्यांना पुस्तकावरच्या लांबलचक नावाने ओळखतात, आगाशी-अर्नाळ्याकडे ते विसूभाऊ शिकारी होते, आणि मला कायम भावोजीच. गेल्या काही आठवड्यांत त्यांच्यावर बरंच छापून आलं. बहुतेकांनी मनापासून लिहिलं आहे. पण जवळजवळ प्रत्येकाने एक वाक्य टाकलंच, की 'सात वाव पाणी' ही त्यांची सर्वांत चांगली कादंबरी, मात्र तिचा शेवट फसला. वाव म्हणजे खलाशांचं पाण्याची खोली मोजायचं माप. एवढ्या खोल पाण्यात गेलेला होडीचा प्रमुख, मोतीराम तांडेल, वर्षाने धडधाकट घरी येतो, हे कोणाला पटायचं? एका गृहस्थांनी तर वाचकांच्या टाळ्यांसाठी लेखकाने स्वतःशी बेइमानी केली असं लिहिलं. मी तो अंक रद्दीत टाकला आणि चहा घेऊन झाल्यावर परत काढला. शेवट फसलाय, हे खरंच आहे. त्या कादंबरीची छापखान्याला गेलेली प्रत माझ्या हाताने लिहिलेली आहे, तेव्हा मला कोणी सांगायला नको. पण बेइमानीची गोष्ट खोटी आहे, आणि ती खोडून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते बोहल्यावर, आणि तेही उजव्या हाताला पट्टी बांधलेले. लग्नाच्या चारच दिवस आधी कोणाच्या तरी केळीच्या बागेत रानडुकरं शिरली म्हणून हे मुंडावळ्या बांधायच्या सोडून बंदूक घेऊन गेले होते. आमच्या वडिलांनी कपाळाला हात लावला. माई मात्र अंतरपाटाआडून त्या पट्टीकडे बघून हसली, ते मी पाहिलं. पुढे लढाईच्या वर्षांत त्यांचं नाव फार झालं. तुंगारेश्वराच्या रानातून बिबळ्या खाली उतरला की माणसं आधी त्यांच्याकडे धावत. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून समोरच्या किल्ल्यापर्यंत पोहत जायचं, तिथे एक विडी ओढायची आणि परत पोहत यायचं, हा त्यांचा सुट्टीचा कार्यक्रम. विडी आणि काडेपेटी ते मेणकापडात गुंडाळून डोक्याला बांधत. दर रविवारी त्यांच्यामागे तरण्या पोरांची पलटण डोंगरात जायची, आणि माई त्या पलटणीच्या भाकऱ्या थापत मला म्हणायची, की नवरा एक केला आणि संसार तालमीचा पडला.

गंमत अशी, की एवढा नामी शिकारी, पण त्याच्या तोंडून फुशारकी काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं. वाघ केवढा होता असं विचारलं तर म्हणायचे, "दिसला तेवढा होता." एकदा त्यांच्या गोळीनंतर बिबळ्या करवंदीच्या जाळीत गेला आणि मग दिसेनासा झाला. गावाने हार आणला, ताशा आणला. भावोजी काही केल्या मान पुढे करीनात. मी तो मेलेला पाहिलेला नाही, असं एकच वाक्य. दोन दिवसांनी गुराख्यांना जनावर सापडलं, ते त्यांनी स्वतः जाऊन पाहिलं आणि मग कुठे हार घातला. तोवर झेंडू सुकून गेला होता. लोक हसले, पण त्या दिवसापासून आमच्या भागात एक बोलणं रूढ झालं. कुठल्याही बातमीवर वाद झाला की म्हणायचे, विसूभाऊंनी पाहिलंय का? त्यांनी पाहिलं असेल तर वाद तिथेच मिटायचा.

असा हा कडेकपारीतून हिंडलेला माणूस पडला तो घरच्या विहिरीच्या पायरीवरून. शेवाळावर पाय सरकला आणि मांडीचं हाड मोडलं. हाड सांधलं, पण पाय आखूड झाला आणि डोंगर सुटला. ते वर्ष माईने कसं काढलं ते तिलाच माहीत. पडवीत खाटेवर पडून ते तुंगारेश्वराकडे बघत राहायचे आणि कोणी बोलायला गेलं की डोळे मिटून घ्यायचे. मीच एकदा वैतागून त्यांच्या उशाशी माझी कोरी वही आणि पेन्सिल आपटली. म्हटलं, रानात पाहिलं ते लिहून काढा, निदान असे डोंगराकडे बघत तरी पडू नका. महिनाभर त्यांनी वहीला हात लावला नाही. मग एका रविवारी गेले, तर गुडघ्यावर फळी, फळीवर वही, आणि हे तोंडाने पुटपुटत लिहीत बसलेले. अक्षर असं, की मुंगी शाईत बुडून चालत गेली असावी. तेव्हापासून दर रविवारी नंदाखालला जायचं, पडवीत पाट मांडून बसायचं आणि त्यांचा मजकूर सुवाच्य अक्षरात उतरवायचा, हे माझं कामच होऊन बसलं. ऱ्हस्व-दीर्घ माझं, बाकी सगळं त्यांचं.

पहिल्या दोन कादंबऱ्या रानातल्या. मुंबईच्या साप्ताहिकात त्या क्रमशः आल्या आणि लोकांनी त्यांवर अक्षरशः उड्या टाकल्या. पण लिहिण्याची त्यांची रीत शिकाऱ्याचीच होती. न पाहिलेलं लिहायचं नाही. नायक ओढा ओलांडतो असं आलं, की यांची पेन्सिल थांबायची. त्या महिन्यात त्या ओढ्याला पाणी असतं का? मग बैलगाडी जुंपा, पायथ्यापर्यंत जा, कुबडी टेकत ओढा बघून या, तेव्हा पुढचं वाक्य. एका वाक्यासाठी एक दिवस गेला म्हणून मी करवादायची. ते शांतपणे म्हणायचे, "वाचणारा माझ्या डोळ्यांनी बघतो. डोळे उसने देतोय, तर स्वच्छ तरी नकोत का?"

रान लिहून संपल्यावर त्यांना समुद्राची ओढ लागली. डोंगर चढायला पाय लागतात, होडीत बसता येतं. अर्नाळ्याचा हिराजी तांडेल हा त्यांचा पोहण्याच्या दिवसांपासूनचा दोस्त. त्याने त्यांना आपल्या होडीवर घेतलं आणि सलग दोन हंगाम फिरवलं. हिराजी गडी धिप्पाड, बोलायला अगदी कमी. त्याची बायको जानकी मात्र दोघांच्या वाटचं बोलायची. भावोजी होडीतून उतरले की ती त्यांना हसायची, की भाऊ, तुमी मासं धरता का नुसतं बघून सोडून देता? त्या दोन वर्षांत भावोजी पुन्हा काळे झाले, त्यांचा आवाज परत मोठा झाला. माझ्या बहिणीला तिचा नवरा हिराजीने परत दिला, असं मी म्हटलं तर त्यात काही वाढवून सांगितलेलं नाही.

नारळी पौर्णिमा झाली होती, होड्या नुकत्याच पाण्यात गेल्या होत्या. भादव्यात अचानक वादळ उठलं. हिराजीची होडी परत आली, पण हिराजी नव्हता. शीड सोडवताना लाटेने उचलला, एवढंच त्याचा पुतण्या बाळू सांगू शकला. भावोजी त्या दिवशी होडीवर नव्हते. पुढचे कितीतरी दिवस ते आखूड पाय ओढत अर्नाळ्यापासून राजोडीपर्यंत आणि आणखी खाली वाळू धुंडाळत होते. काही सापडलं नाही. हिराजीच्या घरात रीत अशी, की समुद्रावर गेलेल्या माणसाचा देह मिळाला नाही तर तो गेला असं कोणी बोलायचं नाही. बायकोचं कुंकू राहतं. होडी आली की त्याच्या वाट्याची मासळी टोपलीत घालून तिच्या दारात ठेवतात. तिला जेव्हा वाटेल तेव्हा ती आपण होऊन थांबवते. बाळू आता सुकाणूवर बसत होता, आणि चुलत्याचा वाटा न चुकता आणून देत होता.

'सात वाव पाणी' त्याच पावसाळ्यानंतर सुरू झाली. हिराजीचा मोतीराम केला, एवढीच काय ती लपवाछपवी. कादंबरी अशी उतरत होती, की रविवारी पाटावर बसले की मला उठवत नसे. मग ते प्रकरण आलं. वादळानंतरच्या पहाटे राजोडीच्या वाळूत मोतीरामचा देह लागतो, आणि कमरेच्या करदोट्यावरून त्याचा दोस्त त्याला ओळखतो. इतक्या वर्षांत भावोजींनी न पाहिलेलं लिहिलं ते पहिल्यांदाच. मी विचारलं तर म्हणाले, "शोधताना रोज मी हेच बघत होतो. वाळूत काही काळं दिसलं की तोच वाटायचा." ते प्रकरण उतरवताना माझे डोळे भरून आले होते. पुढची पाच प्रकरणंही तयार होती. त्यांतलं शेवटचं म्हणजे त्यांच्या हातून झालेलं सर्वांत सुंदर लेखन. मोतीरामची बायको वाट्याची रिकामी टोपली घेऊन बंदरावर जाते, होड्या येतात, आणि ती काही न बोलता टोपली वाळूत पालथी घालून घरी परत येते. तिथे कादंबरी संपत होती.

हीही कादंबरी त्याच साप्ताहिकात क्रमशः येत होती, आणि ते साप्ताहिक अर्नाळ्यालाही जायचं. देवळाच्या ओट्यावर बाळू ते मोठ्याने वाचायचा आणि सगळा कोळीवाडा ऐकायचा. देह सापडल्याचं प्रकरण वाचलं गेलं आणि ओट्यावर कुजबुज सुरू झाली. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर ती गोष्ट ठरली असती. हे विसूभाऊंनी लिहिलं होतं. विसूभाऊ न पाहिलेलं लिहीत नाहीत, हे तर पोराटोरांना ठाऊक. म्हणजे राजोडीला त्यांना हिराजी सापडला होता, आणि त्यांनी दोस्ताच्या बायकोपासून ते दडवलं! कोणी म्हणालं, तिची दया आली असेल. कोणी म्हणालं, पुस्तकासाठी राखून ठेवलं. चार जाणत्यांनी जानकीकडे जाऊन आता दिवसकार्य उरकून घे म्हणून सांगितलं. त्या आठवड्यात तिच्या दारात टोपली आली नाही.

इनासकडून हे नंदाखालला कळलं तेव्हा भावोजी जेवत होते. ते पानावरून उठले. मी सोबत गेले, कारण त्यांचा चेहरा पाहून माईने मला डोळ्यांनी खुणावलं. अर्नाळ्याला पोचलो तर जाळी विणणारी माणसं आमच्याकडे बघून मान खाली घालत होती. ज्यांनी त्यांना होडीत बसवायला कधी हात पुढे केला होता, त्यांतला एकही उठला नाही. जानकी दारात बसली होती. कपाळावर कुंकू होतं. भावोजी तिच्यासमोर जमिनीवरच बसले आणि म्हणाले, की मला हिराजी कुठेही दिसला नाही, ते मी मनाने लिहिलं.

जानकीने मान वर करून विचारलं,

"पायलं नाय तुमी?"

"नाही."

"पायलं नाय तं लिवलं कशाला?"

बिबळ्यासमोर उभा राहिलेला तो माणूस तिथे मान खाली घालून वाळूवर बोटाने रेघा ओढत बसला होता. ते बघवेना म्हणून मीच काहीतरी बोलायला गेले, की कादंबरीत असं करावं लागतं. जानकीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मागे उभे असलेले जाणते म्हणाले, तोंडाने सांगून काय उपयोग, छापलंय ते सगळ्यांनी ऐकलंय.

परतताना टांग्यात आमचं कडाक्याचं भांडण झालं. माझं म्हणणं, संपादकांना लिहा, पुढच्या अंकात चार ओळी येतील की ही सगळी कल्पना आहे. ते म्हणाले, चार ओळी ओट्यावर कोण वाचणार, ओट्यावर गोष्ट वाचतात. मग मी नको ते बोलले. म्हटलं, त्या बाईला खोटी आशा लावून तुम्ही काय साधणार आहात? हिराजी येणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे. ते म्हणाले, "तो येणार नाही हे तिलाही माहीत असेल. पण कधी थांबायचं हे ती ठरवणार होती. मी कोण तिच्या आधी ठरवणारा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या हातची ती पाच प्रकरणं आणि स्वतःची वही न्हाणीघराच्या बंबात घातली. मी हात धरायला गेले तर माईने मला मागे ओढलं. त्याच पाण्याने त्यांनी अंघोळ केली आणि नवीन पानावर लिहायला बसले. वाळूत सापडलेला देह दुसऱ्याच कोणाचा निघाला, मोतीरामला गुजरातकडच्या एका गलबताने उचललं, वगैरे वगैरे… अडखळत, खोडत, स्वतःवरच चरफडत लिहिलं. मी तोंड वाकडं करून उतरवलं. त्यांना काय ते कळत नव्हतं का? आयुष्यभर ज्याने सुकलेला हार घातला पण न पाहिलेला वाघ मारला नाही, त्याने एक अख्खा माणूस समुद्रातून काढून घरी पाठवला. देह मोतीरामचा नव्हता हे बाळूने ओट्यावर वाचलं आणि त्या आठवड्यात जानकीच्या दारात टोपली परत आली. पुस्तक निघाल्यावर टीका झाली, थट्टा झाली. एका सभेत कोणीतरी विचारलं, की विसूभाऊ, हे तुम्ही पाहिलं होतं का? लोक हसले. भावोजीही हसले. खुलासा मात्र त्यांनी कधी केला नाही, आणि मलाही करू दिला नाही. अर्नाळ्याच्या होड्यांवर ते परत जाऊ लागले होते.

आता हे आत्ताच का लिहिते आहे ते सांगते. पंधरा दिवसांपूर्वी प्रकाशक माईला भेटायला आले होते. नवी आवृत्ती काढायची म्हणतात. जाळलेल्या शेवटाबद्दल त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं. मला बाजूला घेऊन विचारलं, तुम्हाला तो आठवतो का? आठवतो म्हणजे काय, मला तो जवळजवळ पाठ आहे. डोळे मिटले की ती टोपली दिसते. एका आठवड्यात लिहून देते म्हणणार होते. म्हटलं, भावोजींचं नाव एकदाचं स्वच्छ होईल. पण जानकी आठवली आणि विचार करून कळवते म्हटलं.

परवा जानकी आली, बाळूबरोबर, अर्नाळ्यापासून चालत. माईजवळ भिंतीला टेकून बसली. माईला पाणी देताना माझं लक्ष गेलं, जानकीच्या कपाळावर कुंकू नव्हतं. माझी नजर तिला कळली. तिनेच सांगितलं, की गेल्या होळीनंतर एक दिवस तिने बाळूला बोलावून आता वाटा आणू नको म्हटलं. कोणी सांगितलं नाही, कोणी समजावलं नाही. भाऊंना तेवढं जाऊन सांगितलं होतं, म्हणाली. भावोजींनी आम्हाला यातलं अक्षर सांगितलं नव्हतं.

मला वाटलं, वाट मोकळी झाली. मी तिला प्रकाशकांचं बोलणं सांगितलं, आणि मग तो जाळलेला शेवट सांगितला. बंदर, येणाऱ्या होड्या, वाळूत पालथी घातलेली टोपली. आता छापला तर तुझी हरकत नाही ना, असं विचारलं.

जानकी नवलाने माझ्याकडे बघत होती.

"पालथी कशाला घालीन? मी तं टोपली बाळूच्या बायकोला दिली. दुसऱ्या दिशी ती घेऊन गेली बंदरावर."

माई रडता रडता हसली. किती दिवसांनी… इतकी वर्षं त्या शेवटाला मी खरा म्हणत होते, आणि दुसऱ्याला खोटा.

"म्हंजी त्ये बी त्यांनी पायलं नवतं," जानकी म्हणाली. मग थोडा विचार करून म्हणाली, "तसंच हाय तं माजा मानूस घरी आलेलाच ऱ्हाऊ द्या."

प्रकाशकांना मी काल कळवलं आहे. आवृत्ती आहे तशीच निघेल.